सकळ लिपीची किल्ली आणि इतिहासाचार्य राजवाडे

आपल्या पंथाच्या ग्रंथसंपदेचा विचार करताना आपण बहुधा ग्रंथकारांचे स्मरण करतो. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या लीळा शोधून त्या लिहून ठेवणारे म्हाइंभट, सूत्रपाठाची जुळणी करणारे केशिराज व्यास, साती ग्रंथांचे कर्ते कविजन हे सर्व नित्य वंदनीय आहेत, यात शंका नाही. परंतु या ग्रंथांची ओळख पंथाबाहेरच्या महाराष्ट्राला ज्यांच्यामुळे झाली, त्यांच्यात असा एक पुरुष आहे की जो पंथाचा उपदेशी नव्हता, ज्याने कोणत्याही महंतांचे शिष्यत्व पत्करले नव्हते आणि संतमार्गाविषयी ज्याच्या मनात फारशी आस्थाही नव्हती. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे हे त्या पुरुषाचे नाव होय. त्यांचे चरित्र आपल्या दृष्टीने पाहिले असता एक प्रश्न उभा राहतो, आणि साधुसंतांनी व वासनिकांनी त्याचा शांतपणे विचार करावा म्हणून हा लेखनप्रपंच आहे. झाकून ठेवलेले अक्षर परक्याने उघडले, तर त्यात हानी झाली की लाभ झाला, हा तो प्रश्न होय.

राजवाडे यांचा जन्म 1863 साली कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातील वरसई या गावी झाला. पितृछत्र बालपणीच हरपले. शिक्षण पुण्यास झाले, पण ते सरळ रेषेत झाले नाही. पैशाची ओढाताण आणि स्वभावातील स्वतंत्रपणा या दोहोंमुळे ते मधून मधून खुंटत राहिले. 1891 साली ते डेक्कन कॉलेजातून बी. ए. झाले. पुढे लवकरच पत्नीचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय तिशीच्या आतबाहेर होते. तरीही त्यांनी पुन्हा संसार मांडला नाही. नोकरी करावी, घर बांधावे, मान मिळवावा, यांपैकी कशातच त्यांचे मन रमले नाही. आपले लेखन मराठीतच करावयाचे असा निर्धार त्यांनी केला आणि तो जन्मभर पाळला. इंग्रजीत लिहिल्यावाचून विद्वत्तेला मान्यता मिळत नसे अशा काळात हा निर्धार लहान नव्हता.

यानंतरचे त्यांचे आयुष्य एखाद्या परिव्राजकासारखे गेले. गावोगाव हिंडावे, जुन्या वाड्यांतील दफ्तरे धुंडाळावीत, माळ्यावरचे रुमाल सोडावेत, वाळवी लागलेले कागद वाचून त्यांच्या नकला कराव्यात, स्वतःच्या हाताने अन्न शिजवून खावे आणि पुढच्या गावची वाट धरावी, असा त्यांचा क्रम असे. पुष्कळ घरांतून त्यांना कागद दाखविले गेले, पुष्कळ घरांतून ते रिकाम्या हाताने परतले. या भटकंतीतून मराठ्यांच्या इतिहासाची साधने ही 22 खंडांची माला निर्माण झाली. तिचा पहिला खंड 1898 साली निघाला. 7 जुलै 1910 रोजी पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली, तीत त्यांचा पुढाकार होता. पुढे मंडळाशी मतभेद झाल्यावर त्यांनी आपले वास्तव्य धुळ्यास हलविले. त्यांचा स्वभाव तापट होता, मते टोकाची होती आणि ती मांडताना ते कोणाची भीड ठेवीत नसत.

राजवाडे केवळ राजकीय इतिहासाचे अभ्यासक होते असे समजणे चुकीचे ठरेल. मराठी भाषेच्या मुळाचा शोध हा त्यांचा दुसरा ध्यास होता. एका जुन्या प्रतीवरून त्यांनी 1909 साली ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली आणि तिच्या भाषेचे व्याकरण लिहिले. यादवकाळची मराठी कशी बोलली जाई, शब्दांना कोणते प्रत्यय लागत, कोणती रूपे पुढे लोपली, हे जाणून घेण्यासाठी त्या काळच्या लिखाणाचा प्रत्येक तुकडा त्यांना मोलाचा वाटे. अशा मनुष्यापुढे महानुभावांची पोथी येऊन पडली, तेव्हा काय झाले असेल याची कल्पना सहज करता येते. वळण ओळखीचे वाटावे, कागद जुना असावा, ओळी नीट आखलेल्या असाव्यात, आणि वाचू जाता एकाही शब्दाचा अर्थ लागू नये, अशी ती पोथी होती.

या ठिकाणी वऱ्हाडाकडे वळले पाहिजे, कारण त्या पोथ्यांचे मूळ येथे आहे. श्रीगोविंदप्रभूंच्या वास्तव्याने पुनीत झालेले रिद्धपूर अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यात आहे. सर्वज्ञांच्या उत्तरापंथे गमनानंतर श्रीनागदेवाचार्य आणि इतर भक्तजन येथेच एकत्र आले. म्हाइंभटांनी येथेच राहून, आणि ज्यांनी ज्यांनी लीळा प्रत्यक्ष पाहिल्या होत्या त्यांच्याकडे जाऊन, त्या गोळा केल्या. शके 1200 च्या सुमारास सिद्ध झालेला लीळाचरित्र हा ग्रंथ मराठीतील पहिला मोठा गद्यग्रंथ होय. श्रीगोविंदप्रभूंचे चरित्रही येथेच आकारास आले. रिद्धपूरचे वर्णन करण्यासाठी नारायणबास बहाळिये यांनी एक संपूर्ण काव्य रचले आणि ते साती ग्रंथांत गणले गेले. अमरावती आणि अकोला या दोन्ही जिल्ह्यांत आज गावोगाव जो वासनिकवर्ग आहे, त्याच्या श्रद्धेचे हे मूळ पीठ आहे.

पंथाने मराठीचा स्वीकार का केला, हे आपणांस ठाऊक आहे. केशिराज व्यासांसारखे संस्कृतज्ञ पंडित पंथात असतानाही नागदेवाचार्यांनी संस्कृत रचनेस उत्तेजन दिले नाही, कारण तसे केल्याने पंथातील साध्यासुध्या वृद्ध स्त्रिया ज्ञानाला मुकल्या असत्या. ज्ञान लोकांच्या भाषेत असावे, हा आग्रह एवढा स्पष्ट होता. मग पुढील दोन-तीन पिढ्यांत त्याच ज्ञानाला सांकेतिक अक्षरांचे आवरण का घालण्यात आले? भाषा उघडी ठेवून लिपी झाकली, यात विसंगती नाही काय, असे कोणीही विचारील.

विचारांती असे दिसते की येथे दोन निरनिराळ्या गरजा होत्या. मराठी भाषा ही जिज्ञासूसाठी होती. पंथात येऊन जो ऐकू इच्छितो, त्याला समजावे म्हणून ती स्वीकारली गेली. लिपीचे आवरण हे पोथीसाठी होते. देवगिरीचे राज्य मोडले, धामधूम माजली, ग्रंथांच्या प्रती गहाळ झाल्या आणि स्मरणाच्या आधारे पाठ पुन्हा जुळवावे लागले. अशा काळात पवित्र वचने अनधिकाऱ्याच्या हाती पडून त्यांची विटंबना होऊ नये, आणि परक्या लेखकाने मनास येईल तशी भर घालून पाठ बिघडवू नये, अशी काळजी पूर्वाचार्यांस वाटली. परंपरा सकळ लिपीच्या निर्मितीचे श्रेय रवळोबास यांना देते. तिच्याखेरीज सुंदरी, पारमांडल्य, अंकलिपी, शून्यलिपी, वज्र अशा आणखीही लिप्या पंथात होत्या. परंतु प्रचार झाला तो मुख्यतः सकळ लिपीचा. पंजाबात आणि त्याही पलीकडे पेशावर-काबूलकडे जे जयकृष्णी बंधू होते, त्यांच्यापर्यंत आपल्या मराठी पोथ्या पोचल्या.

अक्षरे बदलून लिहिण्याची कला भारतास नवी नव्हती. वात्स्यायनाने ज्या चौसष्ट कला मोजल्या आहेत, त्यांत म्लेच्छितविकल्प या नावाने सांकेतिक लेखनाचा समावेश आहे, आणि टीकाकारांनी तिचे मूलदेवीय इत्यादी प्रकार सांगितले आहेत. मूलदेवीय रीतीत वर्णांच्या जोड्या ठरवून त्यांची परस्परांशी अदलाबदल करतात. सकळ लिपी ही याच जातीची आहे. तिच्यात भाषा बदलत नाही, शब्दांचा क्रम बदलत नाही, वाक्याचा अन्वयही बदलत नाही. एका वर्णाच्या जागी ठरलेला दुसरा वर्ण येतो, एवढेच. ज्याला कोष्टक पाठ आहे तो ती पोथी भराभर वाचतो, आणि ज्याला पाठ नाही त्याला ती निरर्थक अक्षरांची रांग वाटते.

अशी लिपी कशी सुटते, हे एका लहान उदाहरणाने पाहू. हे उदाहरण केवळ समजण्यासाठी घेतले आहे. सकळ लिपीचे कोष्टक निराळे आहे. समजा, प्रत्येक व्यंजनाच्या जागी वर्णमालेतील त्याच्या पुढचे व्यंजन लिहावयाचे आणि काना-मात्रा जशाच्या तशा ठेवावयाच्या, असा संकेत ठरला. तर नमन हा शब्द पयप असा लिहिला जाईल. आता संकेत ठाऊक नसलेला वाचक हा शब्द पोथीच्या आरंभी पाहतो. शब्द तीन अक्षरांचा आहे आणि त्याचे पहिले व तिसरे अक्षर एकच आहे, हे त्याच्या लक्षात येते. ग्रंथारंभी नमनाचा प्रघात असतो, हे त्याला माहीत आहे. तो अंदाज करतो की प म्हणजे न आणि य म्हणजे म. पुढे यड असा शब्द येतो. त्यातील य म्हणजे म, हे आता हाती आहे. उरलेले ड म्हणजे ठ मानले तर मठ हा शब्द मिळतो आणि तो त्या ठिकाणी शोभतो. तिन्ही ठिकाणी अक्षर एकेका घराने पुढे सरकले आहे, हे दिसताच सगळे कोष्टक हाती येते.

जेथे संकेत इतका सरळ नसतो, तेथे दुसरी साधने वापरावी लागतात. कोणत्याही भाषेत काही वर्ण फार वेळा येतात आणि काही क्वचित येतात. सांकेतिक लेखनातील वर्णांची मोजणी करून ही तुलना करावी, हा उपाय नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदी या पंडिताने लिहून ठेवला होता. मराठीत एकाक्षरी व दोन अक्षरी शब्द पुष्कळ आहेत. ते प्रथम सुटतात. संवादात एकच सांगणी पुनःपुन्हा येत असेल, तर तिची अक्षरेही पुनःपुन्हा तीच येतात. ओवी असेल तर यमकाने अक्षर सापडते. ओळखीचे गावाचे नाव, व्यक्तीचे नाव, शकाचा आकडा हे सगळे आधार होतात. मात्र यासाठी त्या काळची भाषा अंगवळणी पडलेली असावी लागते. आजची मराठी मनात ठेवून तेराव्या-चौदाव्या शतकाची पोथी सोडवू जाणारा पहिल्या पानावरच अडतो. यादवकाळच्या भाषेचे व्याकरण लिहिणाऱ्या राजवाड्यांपाशी ही सिद्धता पूर्णपणे होती.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत राजवाड्यांनी सकळ लिपीची उकल विद्वानांपुढे ठेवली. शेकडो वर्षे जे पंथाच्या आत होते, ते त्यानंतर छापील पानावर येऊ लागले. ठाण्याचे विनायक लक्ष्मण भावे यांनी महानुभाव वाङ्मयाचा मोठ्या परिश्रमाने शोध घेतला आणि आपल्या महाराष्ट्र सारस्वत या ग्रंथाच्या 1919 च्या आवृत्तीत त्यास मानाचे स्थान दिले. 1926 या एकाच वर्षी भावे आणि राजवाडे दोघेही निवर्तले. राजवाड्यांचा देह 31 डिसेंबर रोजी धुळे येथे पडला. त्यांनी जमविलेली सामग्री त्यांच्या नावाने धुळ्यास स्थापन झालेल्या संशोधन मंडळाने जतन केली, आणि त्यांचा धातुकोश व व्युत्पत्तिकोश त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाले.

पुढचे काम मुख्यतः विदर्भाने केले, ही आपणांस अभिमानाची गोष्ट आहे. यवतमाळच्या शारदाश्रमाशी निगडित असलेले यशवंत खुशाल देशपांडे, लीळाचरित्राचे आद्य संपादक हरि नारायण नेने, आणि बुलढाणा जिल्ह्यातील नरवेल येथे 1908 साली जन्मलेले डॉ. विष्णु भिकाजी कोलते यांनी ग्रंथामागून ग्रंथ संपादून प्रकाशात आणले. महदाइसेचे धवळे वाचून मराठीची आद्य कवयित्री आपली होती, हे महाराष्ट्रास कळले. लीळाचरित्रावाचून मराठी गद्याचा इतिहास आता कोणालाही लिहिता येत नाही. 2024 साली मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि त्याच वर्षी रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठाचे कार्य सुरू झाले. ज्या भूमीत पोथ्या लिहिल्या गेल्या, त्या भूमीस हा मान मिळावा यामागे लिपी उकलणाऱ्या त्या पहिल्या पिढीचे श्रम आहेत.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. लिपी झाकलेली होती, तेव्हा पंथाचे सर्वस्वी कल्याणच होते, असे म्हणता येईल काय? आपल्या पोथीत काय आहे हे लोकांस कळत नव्हते, म्हणून लोकांनी त्यात काय असावे हे स्वतःच ठरविले. काळा वेष पाहून, अहिंसेचा कडक आचार पाहून आणि न वाचता येणारी पोथी पाहून नाना प्रवाद उठले. मानभावी हा शब्द मराठीत ढोंगी या अर्थाने रूढ झाला आणि तो शब्दकोशांत जाऊन बसला. आपल्या आजोबा-पणजोबांनी हे सहन केले आहे. लीळाचरित्र, सूत्रपाठ आणि साती ग्रंथ छापले गेल्यानंतर जाणत्या मंडळींच्या मनातील हे किल्मिष दूर झाले. ज्या आवरणाने ग्रंथ राखले, त्याच आवरणाने अपकीर्तीस वाव दिला होता. ते आवरण दूर होताच ग्रंथांनीच पंथाची बाजू मांडली. हा लाभ नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

आणि हा लाभ कोणाकडून झाला, हेही मोकळ्या मनाने पाहिले पाहिजे. संतांनी समाजाला निवृत्तीकडे वळवून राष्ट्र दुर्बळ केले, असे राजवाड्यांचे मत होते आणि त्यांनी ते कठोर शब्दांत मांडले. पंथाचे तत्त्वज्ञान हा त्यांच्या जिज्ञासेचा विषय नव्हता. भाषा हा होता. तरीही एका अनाम लेखनकाराने चारशे-पाचशे वर्षांपूर्वी उतरलेले अक्षर त्यांना टाकाऊ वाटले नाही. मत न पटणाऱ्या माणसाचे लिखाणही जसेच्या तसे वाचले पाहिजे, ही त्यांची निष्ठा होती. आपल्या मतांशी न जुळणाऱ्या व्यक्तीविषयी असा प्रामाणिकपणा आपल्यापाशी कितपत आहे, हे प्रत्येकाने स्वतःस विचारावे.

हानीची बाजूही आहे, आणि ती लपवू नये. वरील उदाहरणातील संकेतानेच ती स्पष्ट होते. त्या संकेताने नाम हा शब्द पाय असा लिहिला जाईल. पाय हा स्वतंत्र, अर्थपूर्ण शब्द आहे. ज्याला तेथे संकेत आहे हेच ठाऊक नाही, तो पाय असे वाचील, त्यावर विवेचन करील, आणि आपण चुकलो आहोत याची शंकासुद्धा त्याला येणार नाही. निरर्थक अक्षर वाचकास थांबविते. चुकीचा पण सार्थ शब्द त्याला पुढे नेतो. लिपीच्या बाबतीत असे क्वचित घडते. शास्त्राच्या बाबतीत मात्र ते नित्य घडते.

आपल्या पूर्वाचार्यांस हे पुरते माहीत होते. सर्वज्ञांची सूत्रे अतिशय संक्षिप्त आहेत. ते सूत्र कोणास उद्देशून, कोणत्या स्थानी, कोणत्या निमित्ताने निघाले, हे कळल्याखेरीज त्याचा अर्थ करू नये, म्हणून प्रकरणवश सिद्ध झाला. त्याच्या जोडीला हेतुस्थळ, लापनिक, आचारबंद, विचारबंद, महाभाष्य अशी व्याख्यानपरंपरा उभी राहिली. ही सर्व दुसरी किल्ली होय. पहिल्या किल्लीने वर्ण सुटतो, दुसऱ्या किल्लीने वचन सुटते. राजवाड्यांनी पहिली किल्ली जगापुढे ठेवली. दुसरी किल्ली त्यांच्यापाशी नव्हती आणि ती आपल्याजवळ आहे असा दावाही त्यांनी केला नाही. त्यानंतरच्या काळात ग्रंथांच्या मुद्रणावरून जे वाद झाले, 1978 साली प्रसिद्ध झालेल्या लीळाचरित्राच्या आवृत्तीवरून पंथात जे दुःख उमटले, त्यांच्या मुळाशी या दोन किल्ल्यांचीच ताटातूट आहे. एकीकडे पाठ होता व प्रकरण नव्हते. दुसरीकडे प्रकरण जाणणारे होते, पण त्यांचे म्हणणे वेळीच लिहून पुढे आले नव्हते.

म्हणून दोष केवळ बाहेरच्या अभ्यासकांस देऊन आपली सुटका होत नाही. आज सकळ लिपी वाचणारे आपल्यातच किती उरले आहेत? वऱ्हाडातील कितीतरी घरांत आणि मठांत पोथ्या बासनात बांधलेल्या आहेत. त्यांना गंध-फूल वाहिले जाते, दंडवत घातला जातो, आणि त्या पुन्हा देवघरात ठेवल्या जातात. घरातील वृद्ध गेले की त्यांच्याबरोबर कोष्टक जाते आणि घरची पोथी घरच्यांनाच परकी होते. नागदेवाचार्यांनी ज्या वृद्ध स्त्रियांसाठी मराठीचा आग्रह धरला, त्यांच्याच नाती-पणत्यांना आज ती पोथी वाचता येत नाही. लिपी अनधिकाऱ्यासाठी बंद होती. अधिकाऱ्यासाठी ती बंद व्हावी असा हेतू कधीच नव्हता.

राजवाड्यांच्या चरित्रातून घ्यावयाचा बोध हाच आहे. त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरचे रुमाल सोडले. आपणांस तर आपल्याच घरचे बासन सोडावयाचे आहे. प्रत्येक मठात एकदोघा तरुण भिक्षुकांनी आणि तपस्विनींनी सकळ लिपीचे कोष्टक मुखोद्गत करावे, महंतांनी प्रकरणवशासह सूत्राचे निरूपण करून ते लिहवून घ्यावे, वासनिकांनी आपल्या घरची पोथी निदान एकदा जाणत्याकडून वाचवून घ्यावी. असे झाले तर परक्याने उघडलेल्या अक्षराला आपल्याकडून अर्थाची जोड मिळेल, आणि त्या ऋषितुल्य पण तर्ककठोर अभ्यासकाचे ऋणही काही अंशी फिटेल.

सर्व साधुसंतांस व सद्भक्तांस दंडवत प्रणाम.